केरूने वळलेले दावे

ग्रामदेवतेला स्मरून मी, महिपत रावजी भुवड, वय सुमारे बासष्ट, धंदा शेती, राहणार मौजे कुंभाडे, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, हा माझ्या मरणानंतरच्या व्यवस्थेचा कागद माझ्या घरच्या पडवीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माघापासून माझे पाय सुजले आहेत. डोके शाबूत आहे. खेडचे वैद्य नाडी पाहून पथ्य सांगायचे सोडून मुलगा किती वर्षांचा झाला म्हणून विचारू लागले. त्यावरून मी काय ते समजलो.

हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. माझा एकुलता मुलगा सदू या घडीला माझ्या डोक्यावर, म्हणजे छपरावर, कौले चाळतो आहे. कागदावर मधूनमधून जो केर दिसेल तो त्याचा. मघाशी त्याने वरूनच वाकून विचारले, "बाबा, येवडा काय लिवताव? घर-जमीन माजीच ना?" मी मान वर न करता लिहीत राहिलो. त्याने खाली उतरल्यावर हे सगळे वाचावे आणि मगच तोंड उघडावे.

मूळ गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता माझा धीर सुटेल. माझा धाकटा भाऊ कै. केरू याच्या माथ्यावर गेली बारा वर्षे एका गायीची हत्या आहे. ती गाय त्याच्या हातून मेली नाही. माझ्या हातून मेली. केरूला जाऊन तीन वर्षे होतील. त्याची बायको हौसा अजून त्या डागासकट गावात राहते आहे. तो डाग काढणे हाच या कागदाचा हेतू आहे आणि खालची कलमे त्यासाठी आहेत.

कलम पहिले. राहते घर, मागील परसू, दोन फणस, कोकमाचे झाड आणि वडिलार्जित शेतीतला माझा हिस्सा सदूकडे जावा. तो त्याचा हक्कच आहे, त्यात माझे उपकार नाहीत. मात्र एक अट घालतो आणि ती त्याने त्याच्या मुलांनाही घालावी. दाढ वारा पडल्याशिवाय पेटवायची नाही. कोर्टातल्या एखाद्या साहेबाच्या हाती हा कागद गेला तर त्याच्यासाठी लिहितो : भाताचे रोप टाकायची जागा आम्ही पावसाआधी भाजून घेतो, तिला दाढ म्हणतात. आधी शेण पसरायचे, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर वाळका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, वर माती. ही आग दुपारी लावत नाहीत, कारण वैशाखात दुपारचा समुद्राकडून वारा सुटतो. संध्याकाळी तो पडला की लावतात, आणि नुसता धूर उरेपर्यंत तिथून कोणी हलत नाही. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होते.

कलम दुसरे. औते. नांगर दोन, जू दोन, चिखल सारखा करायचा गुठा एक, कोयते चार. यांतला बारीक मुठीचा कोयता केरूचा आहे, डाव्या हाताने धरायचा, तो वाटणीच्या वेळी मी मुद्दाम दिला नाही. तो हौसेला द्यावा. पावसात डोक्यावर घ्यायची इरली सहा आहेत. यंदाची दोन मी या सुजल्या पायांनी बसून विणली आहेत आणि ती आधीच्यांपेक्षा बरी झाली आहेत, असे माझे मत आहे. माझी पहार शेजारी धोंडू गोरिवले याने आठ वर्षांपूर्वी कुंपणाला म्हणून नेली. ती आता त्यालाच असू द्यावी. साक्षीला मी त्यालाच बोलावले आहे, तेव्हा त्याला हे वाचावेच लागेल.

कलम तिसरे. गुरे. बैलजोडी आणि दोन गाभण गायी सदूला. पेंढा आता सरत आला आहे, तेव्हा गाभणींना आधी घालावा, बैलांना कमी पडला तरी चालेल. पेंढ्याची उडवी गोठ्याच्या उगवतीला, निदान वीस पावले लांब रचावी. आणि माझ्या गोठ्यात यापुढे कोणतेही जनावर साखळीने बांधू नये. गोठ्याच्या कोपऱ्यात पाटीखाली एक लोखंडी साखळी आहे. ती लोहाराकडे देऊन फाळ करून घ्यावा आणि तो फाळ हौसेच्या नांगराला लावावा.

कलम चौथे. साखळीची हकीकत.

आमची तांबी गाय खोडकर होती. वैशाख आला, रानात गवताची काडी उरली नाही, की ती दावे चावून तोडायची आणि थेट उडवीशी जाऊन उभी राहायची. केरू तिला अंबाडीची नवी दावी वळून द्यायचा. तो डावरा, त्यामुळे त्याच्या दाव्याचा पीळ इतरांच्या उलट पडे. मला त्या रोजच्या दाव्यांचा कंटाळा आला आणि मी खेडच्या बाजारातून ती साखळी आणली. केरू म्हणाला, "दादा, दावं जळतं तरी. साखळी नुस्ती तापते. गोठ्यात साखळी नको." मी म्हटले, गोठा काय जळायला बांधलाय का? मुंबईत नऊ वर्षे गिरणीत काढून आल्यावर मला लोखंडाचे मोठे कौतुक वाटू लागले होते.

त्या वर्षी, म्हणजे शके १८४६ च्या वैशाखात, साऱ्या वाडीच्या दाढी भाजून काळ्या झाल्या आणि आमचीच राहिली. केरूने ती रचून तयार ठेवली होती, पण दोन दिवस संध्याकाळीही वारा पडेना. हा धोंडू बांधावरून जाता जाता म्हणाला, "भुवडांची दाढ पावसात भाजायची हाय वाटतं!" गंमतीनेच म्हणाला. ती मला झोंबली. केरूला म्हटले, आत्ता पेटवतो. तो म्हणाला, "वारा पडूं दे, दादा, मंग पेटव." एवढे बोलून तो बैल घेऊन नदीवर पाण्याला गेला. मी आपले ऐकले असे त्याला वाटले असावे.

घरातल्या मोठ्याने चुलीतला विस्तव नेऊन दाढीला लावायचा, असा आमचा रिवाज आहे. मी करवंटीत निखारे घेतले. माझी बायको सोनूबाई चुलीपुढे होती, तिने माझ्याकडे पाहिले. भर दुपारी मी दाढ पेटवली, घटकाभर उभा राहिलो, आणि ताट वाढले म्हणून जेवायला आलो. पेटती दाढ सोडून जेवायला बसलो, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

ओरडा झाला तेव्हा उडवी पेटली होती आणि गोठ्याचे गवती छप्पर धरले होते. आत तांबी होती आणि तिची दीड महिन्याची वासरी. मी खरकट्या हाताने अंगणात आलो आणि तिथेच उभा राहिलो. पाय पुढे टाकावा एवढेही मला झाले नाही. नदीवरून केरू धावत आला, माझ्या अंगावरून आत शिरला. वासरी दाव्याने बांधलेली होती, ते कापून त्याने तिला बाहेर फेकली म्हटले तरी चालेल. पुन्हा आत गेला. साखळीचा आकडा तापून अडकला होता. तो दोन्ही हातांनी ओढत राहिला. छप्पर खाली यायला लागले तेव्हा लोकांनी त्याला पायाला धरून ओढून काढले. तांबी आतच राहिली. तिचा आवाज किती वेळ येत होता ते मी लिहीत नाही. माझ्या हातावर भात वाळून कडक झाला होता.

कलम पाचवे. गावकीचे मानकरी, म्हणजे गावकर, आले. त्यांनी विचारले, "दाढ कुणी पेटवली?" केरूचे हात चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मी." मी काहीच बोललो नाही. सोनूबाई पडवीच्या खांबाला धरून उभी होती, तीही माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि गप्प बसली.

केरूने असे का केले ते बाहेरच्याला कळायचे नाही. शिमग्याच्या होळीला पहिला अग्नी द्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे आणि तो थोरल्याच्या हाताला आहे. ज्याच्या हातून गाय मेली त्याच्या हाताला मान राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी केरूजवळ बसलो असता तो हळूच म्हणाला, "मान घरात ऱ्हाऊ दे. तुज्या हातात मान हाय, माज्या हातात आता काय हाय?" हात फडक्यात गुंडाळलेले होते.  उठून गावकरांकडे जायला चार शेते ओलांडायची होती. मी गेलो नाही.

गोहत्येचे प्रायश्चित्त गावकीने रिवाजाप्रमाणे सांगितले. मेलेल्या जनावराचे दावे गळ्यात अडकवायचे, चाळीस दिवस दारोदार फिरायचे, माणसासारखे बोलायचे नाही, दारात गायीसारखे हंबरायचे, मूठभर मिळेल ते खायचे, आणि शेवटी वेळणेश्वरला समुद्रात आंघोळ करून दावे बुडवायचे. तांबीचे जुने दावे खुंटीवर होतेच, साखळी आणल्यापासून बिनकामाचे. केरूने स्वतः वळलेले. तेच त्याच्या गळ्यात घातले. तांबी त्या दाव्यावर असती तर ते जळून ती सुटली असती, हे त्या वेळी तिथे दोघांनाच माहीत होते.

चाळीस दिवसांनी तो परत आला तेव्हा लावणी अर्धी झाली होती. माझ्या पुढ्यात त्याने दावे ठेवले. बुडवलेले नव्हते. म्हणाला, "फिरायचं ते मी फिरलो. बुडवायचं तुजं हाय." ते दावे तेव्हापासून माळ्यावर भाताच्या कणगीमागे आहे. बारा वर्षांत वेळणेश्वरची वाट मला सापडली नाही.

कलम सहावे. यापुढचे लिहायला मला जास्त लाज वाटते. आग हातून चुकून लागली असे म्हणता येईल. हे चुकून नव्हते.

केरूची बोटे एकमेकांना चिकटून बसली. त्याला धार काढता येईना, दावे वळता येईना. जेवताना तो घास तळव्याने उचलायचा. मला ते हात समोर नको वाटायला लागले. त्याचा मला राग यायला लागला, अगदी खरा राग, जणू त्यानेच माझे काही केले होते. वर्षभरात मी वाटणी मागितली. प्रायश्चित्त झाल्यावर माणूस शुद्ध होतो, हे सगळ्यांना मान्य होते. तरी गावकीत मी म्हणालो की, ज्याच्या हातून गाय गेली त्याच्या हातचे पाणी आमच्या घरात चालणार नाही. हे वाक्य माझे. दुसऱ्या कुणावर ते घालू नये. केरू मान खाली घालून बसला होता. त्याच्या वाटणीला मी कातळावरची जमीन काढली, जिथे नाचणीसुद्धा नाखुशीने येते. तो, हौसा आणि ती जगलेली वासरी तिथे झोपडीत राहायला गेली. त्यांना मूल नव्हते. तीच वासरी आज हौसेच्या दारात बारा वर्षांची गाय आहे.

तीन वर्षांमागे आश्विनात केरू तापाने गेला. मी खांदा दिला. लोक म्हणाले, थोरल्याने मन मोठे केले.

आजही दर वैशाखात हौसा माझ्या शेतात पातेरा झाडायला मजुरीने येते. पदर पुढे ओढून पाठमोरी झाडत असते. केरूने तिला खरे सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. मी दोनदा सांगायला गेलो आणि दोनदा, फांद्या नीट रचा, एवढे सांगून परत आलो. गेल्या वर्षीच्या चैत्रात सोनूबाई वारली. शेवटच्या दिवशी तिने पाणीही मागितले नाही. म्हणाली, "भावजींच्या गळ्यातलं दावं आजून निगालं न्हाय. तेवडं काडा." अकरा वर्षे ती माझ्यासाठी गप्प राहिली होती. हा कागद मी तिच्या शब्दाखातर लिहीत आहे. माझ्यावर सोडले असते तर मी तसाच मेलो असतो.

कलम सातवे. नदीकाठची मळी, म्हणजे गाळाची जमीन, ही मी गिरणीच्या कमाईतून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे आणि ती कोणासही देण्याचा मला अधिकार आहे. ती मी केरूची विधवा हौसा हिला कायमची देत आहे. घेतली मी, पण मी मुंबईत असताना नऊ वर्षे तिच्यातले दगड वेचले केरूने. मळी आपल्याला येणार म्हणून सदू मनात मांडे खात असेल. सदू, तुझा राग मला इथून दिसतो. पण तुला लहानपणी खांद्यावर बसवून नदीवर कोण न्यायचे ते आठव आणि मग कोर्टात जायचे तर जा.

कलम आठवे. होळीचा मान. तो माझ्या हाताला बारा वर्षे खोटा होता. मी तो गावकीकडे परत करतो. सदूने त्यावर हक्क सांगू नये. गावाला योग्य वाटेल त्या घरी द्यावा, आणि पुढल्या शिमग्याला होळीपुढे गाऱ्हाणे घालताना केरूचे नाव घेऊन त्याच्यावर दोष नव्हता असे मोठ्याने म्हणावे.

कलम नववे. मी मेल्यावर माळ्यावरचे ते दावे माझ्या गळ्यात घालावे आणि मला तसेच देवळासमोरून, सगळ्यांच्या देखत न्यावे. हौसेच्या दारात तिरडी खाली ठेवावी. तिने दिली तर मूठभर भिक्षा घ्यावी, न दिली तर निमूट उचलावे. तिला कोणी बोल लावू नये.

येणेप्रमाणे हा कागद मी राजीखुशीने, कसलीही नशा न करता लिहिला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला.

सही : महिपत रावजी भुवड
साक्षी : धोंडू बाबू गोरिवले, सही दस्तुरखुद्द
साक्षी : रामा हरिश्चंद्र पड्याळ, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
मौजे कुंभाडे, वैशाख वद्य दशमी, शके १८५८, शनिवार, ता. १६ मे १९३६

पुरवणी, त्याच दिवशी

वरील कलम नववे मी स्वतः रद्द करीत आहे. कारण असे की, वाचन संपल्यावर धोंडूने कागद हातात घेऊन चौथे कलम पुन्हा बोटाने शोधले. त्याने बांधावरून मारलेला टोमणा बारा वर्षांनी त्याच्या ध्यानात आला असावा. मग सही करता करता म्हणाला, "महिपत, मेल्याव गळ्यात दावं घालून कुनाला दाखवतंस? पाय हायत तवर चाल की." मला त्याचा संताप आला. त्याच संतापात मी सदूला हाक मारून माळ्यावरून दावे काढायला लावले. सदूला आधी काही कळेना. मग त्याने कागद घेतला, उभ्याउभ्याच वाचला आणि तोंड फिरवून परसात गेला. मळीबद्दल एक अक्षर बोलला नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात काठी होती, ती त्याने माझ्या हातात दिली.

दावे मी गळ्यात घातले आहे आणि ते असताना बोलायचे नसते, म्हणून हे लिहितो. पहिले दार हौसेचे घेतले. धोंडू आणि रामा बरोबर आले. दारात उभा राहून हंबरलो. आवाज निघाला तो कुठल्याच जनावराचा नव्हता. तो ऐकून गोठ्यातली गाय मात्र हंबरली. हौसा बाहेर आली. धोंडूने तिला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ती खांबाआड उभी राहून ऐकत होती. मग पुढे आली, बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर तिने पदर मागे सारला, आणि माझ्या गळ्यातले दावे बोटांनी चाचपले. म्हणाली, "ह्यांच्या डाव्या हाताचा पीळ."  तिला आधी ठाऊक होते की नव्हते, ते मला आताही सांगता येत नाही. आत गेली, मूठभर तांदूळ आणून माझ्या धोतराच्या ओच्यात घातले.

मी वळलो तशी मागून म्हणाली, "दादा, ऊन हाय. वारा पडूं दे, मंग जावा."

मी थांबलो आहे. तिच्या पडवीत बसून लिहितो आहे. सदूनेही आज दाढ संध्याकाळीच पेटवावी. वारा पडला की मी वेळणेश्वरची वाट धरीन.

सही : महिपत रावजी भुवड
साक्षी : धोंडू बाबू गोरिवले
साक्षी : रामा हरिश्चंद्र पड्याळ, अंगठा
ठिकाण : केरू रावजी भुवड याचे घर. वेळ भर दुपारची.